तान्ह्या पोळ्याचा बैल वावरात

काटोलच्या पलीकडे माझ्या साडभावाची संत्र्याची बाग आहे. गावातल्या घरापासून वावर दोन किलोमीटर. मध्ये एक नाला लागतो आणि नाल्यापासून पुढं पांदण. गेल्या दिवाळीत जेवणं आटोपल्यावर त्यानं मोबाईलवर एक फोटो माझ्यापुढं धरला. चार गुबगुबीत टायर, मोटरसायकलसारखं हँडल, पुढं लोखंडी गार्ड, रंग लालभडक. "सव्वा लाखात येऊन राहिली, भाऊजी. चांगली बैलजोडी घ्याले गेलं तं तेवढेच लागते, अन् ट्रॅक्टरचं तं नावच नको. काहून घेऊ नये, तुमीच सांगा."

त्या रात्री मला नीट सांगता आलं नाही. "चायनाची आहे, टिकणार नाही," एवढं पुटपुटून मी सुपारी कातरायला घेतली. निष्कर्ष बरोबर होता, कारण चुकीचं होतं. आणि चुकीच्या कारणावर उभा केलेला बरोबर निष्कर्ष पहिल्याच प्रतिप्रश्नाला आडवा होतो. साडभावानं तो विचारलाच: "अन् तुमचा मोबाईल कुठचा हाय?"

म्हणून आधी त्याचा पक्ष नीट मांडतो. कारण तो त्याच्या एकट्याचा नाही. एटीव्ही, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालेल म्हणून बनवलेली ही चारचाकी मोटरसायकल, नागपूरकरांनी आधी पाहिली ती रिसॉर्टात आणि फार्महाउसवर, पोरांना शंभर-दोनशे रुपयांत दोन फेऱ्या मारायला. तिथून ती शेतकऱ्याच्या मनात शिरली. आज जे मत बळावलं आहे ते असं. परदेशातला शेतकरी मेंढ्या वळायला, कुंपण पाहायला, खताची पोती न्यायला हिच्यावरच फिरतो, तो काही वेडा नाही. चिनी बनावटीची ११० किंवा १२५ सीसीची गाडी आपल्याकडं लाख-सव्वा लाखापासून मिळते. तिचं इंजिन मोटरसायकलच्याच घराण्यातलं, तेव्हा मिस्त्री गावातच आहे. ती वावरातच चालवायची, तेव्हा आरटीओ नको, विमा नको, टॅक्स नको. आणि ट्रॅक्टर जिथं फसतो तिथं ती जाते. हे सगळं एका बैलजोडीच्या किमतीत. ऐकायला मत असं बिनतोड वाटतं, की न घेणारा एकतर श्रीमंत असावा किंवा भित्रा.

पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. यंत्र चीनचं आहे म्हणून टाकाऊ, हे म्हणणं आता टिकत नाही, आणि ते टिकत नाही याचा सर्वांत चांगला पुरावा एटीव्हीच्याच धंद्यात आहे. ऑस्ट्रेलियात या गाड्यांपायी वर्षाला सरासरी सोळा माणसं मरत होती, त्यातली बरीच शेतावर, गाडी उलटून तिच्याखाली सापडून. २०१९ साली तिथल्या सरकारनं सुरक्षेचं सक्तीचं मानक काढलं. आडव्या उतारावर सुमारे २८.८ अंशांच्या आत गाडी दोन चाकांवर येता कामा नये. शेतीकामाच्या प्रत्येक नव्या गाडीला, ती पालथी झाली तरी चालवणारा चिरडू नये म्हणून, मागं संरक्षक चौकट हवी. ही चौकटीची अट ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. तेव्हा होंडा, यामाहा, पोलारिस या नामवंतांनी त्या देशात शेतीकामाच्या अशा गाड्या विकणंच थांबवलं. चौकट बसवून बाजारात टिकून राहिलेल्यांत चीनची सीएफमोटो होती. म्हणजे कडक नियमाखाली चिनी कारखाना कडक नियमाची गाडी बनवतो आणि नियम नसेल तिथं बिननियमाची. आपल्याकडं कोणती येते हे तिच्या जन्मगावावरून ठरत नाही. आपण काय विचारतो यावरून ठरतं.

परक्या मुळाचं यंत्र आपल्या मातीत रुजत नाही, हेही खोटं. १९४७ साली महिंद्रानं मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली ती परदेशातून आलेल्या सुट्या भागांतून. ती जीप पुढं आपल्या खेड्यांची इतकी झाली, की कुठल्याही कंपनीच्या तशा गाडीला गावात जीपच म्हणू लागले. १९७२ साली फिरोदियांची लुना आली. अहमदनगरच्या कारखान्यातली ती मोपेड मुळात इटलीच्या पियाजिओची. पण लुनाचा प्लग, क्लच, केबल तालुक्याच्या दुकानात मिळू लागली, आणि ती मास्तरांची, दूधवाल्याची, ग्रामसेवकाची होऊन गेली. कोणी तिला इटालियन म्हटलं नाही. तेव्हा परकेपणा हा दोष नव्हे. खरा प्रश्न असा, की ज्या दिवशी ती अडेल त्या दिवशी काय होईल.

इथं पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो अर्धा खरा आहे. स्वस्त चिनी एटीव्हीत बहुधा जे आडवं ११० सीसीचं इंजिन असतं त्याच्यावर १पी५२एफएमएच असा काहीसा शिक्का दिसतो. त्यातले ५२ म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. आता आपली स्प्लेंडर पाहा: व्यास ५०, धाव ४९.५, आणि त्यातून येणारे ९७.२ सीसी. धाव तीच. योगायोग नाही. दोन्ही इंजिनं होंडाच्या त्याच जुन्या कब घराण्याची लेकरं. एक हिरो होंडाच्या वाटेनं आपल्याकडं आलं, दुसरं चीनमध्ये शेकडो कारखान्यांत नकलून निघालं. तेव्हा मिस्त्री गावातच आहे, हे कबूल. व्हॉल्व्हची सेटिंग, कार्बोरेटरची सफाई, प्लग, तेल यासाठी कोणी नागपूरला येणार नाही.

पण एटीव्ही इंजिनानं अडते कुठं? ती अडते पुढच्या चाकांच्या बॉल जॉइंटला, स्टिअरिंगच्या सांध्याला, मागच्या आसाच्या बेअरिंगला, रिव्हर्स गिअरच्या खटक्याला, आणि ज्याच्यावर रंगही धड नाही अशा वायरिंगला. यातलं काहीच स्प्लेंडरला नसतं. टायर आठ इंची रिमचे, रुंद, मऊ. मोटरसायकलच्या टायरात तीस हवा भरतात, यांना पाच-सहा पुरते, त्यामुळेच ते वाळूत, बर्फात, गवतावर तरंगल्यासारखे चालतात. आमच्या धुऱ्यांवर मात्र बाभूळ आहे, बोरी आहेत, आणि त्यांचे काटे पातळ टायरला पाहुणा समजत नाहीत. पंक्चर निघतं हो, पण पंधरा दिवसांनी टायरच फाटला तर त्या मापाचा दुसरा तालुक्यात मिळत नाही. शहरातही मागवावा लागतो, आणि मागवल्यावर जो येतो तो त्याच नक्षीचा असेल याची खात्री नसते. नाव बदलून तीच गाडी चार विक्रेते विकतात. पुढच्या साली पाचवा येतो, त्याच्या गाडीचा बॉल जॉइंट दोन मिलिमीटरनं वेगळा. माझ्याच ओळखीत शहराजवळच्या फार्महाउसवर अशी एक गाडी दोन पावसाळे पाहिलेली आहे. तिच्यावर आता कारल्याचा वेल चढला आहे. इंजिन अजून पहिल्या किकला सुरू होतं, असं मालक अभिमानानं सांगतो.

सुट्या भागांचा प्रवाह किती नाजूक असतो याचा धडा पॉवर टिलरवाल्यांना मिळालेला आहे. चिनी टिलर स्वस्त म्हणून देशभर गेले होते. जुलै २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयानं एका अधिसूचनेनं टिलर आणि त्याचे मुख्य भाग, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस, रोटाव्हेटर, मुक्त आयातीतून काढून निर्बंधित यादीत टाकले. धोरण योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण ज्याचा टिलर त्या आठवड्यात मोडून पडला होता, त्याच्यासाठी चीनच्या सीमेवरचा संघर्ष थेट त्याच्या गोठ्यात आला. जे यंत्र इथं बनत नाही आणि ज्याचे भाग इथं बनत नाहीत, ते घेणारा माणूस नकळत परराष्ट्र धोरणावर पैज लावत असतो.

आता वावरात उतरू, कारण एटीव्ही ट्रॅक्टर फसतो तिथं जाते हे वाक्य वावरातच तपासायला हवं. आमची जमीन काळी, चिकणी. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, तिथले शास्त्रज्ञ या मातीच्या पोटातल्या खनिजाला स्मेक्टाइट म्हणतात. पाणी पिऊन फुगणारं आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला हातभर भेगा पाडणारं खनिज. शेतकऱ्याला नाव माहीत नसतं, गुण माहीत असतो: आषाढात वावरात चार पावलं टाकली की प्रत्येक पायाला दोन किलोचा बूट चढतो. मऊ, रुंद टायर या मातीत बुडत कमी असेल, पण त्याच्या खाचा पहिल्या पन्नास फुटांत चिखलानं भरतात, मग तो गुळगुळीत होतो, मग चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये कोंबला जातो आणि चाक थांबतं. मोठ्या एटीव्हीला चारही चाकांना ताकद असते, सव्वा लाखाच्या गाडीला फक्त मागच्या दोन चाकांना, तीही साखळीनं. आणि मागचा आस एकसंध असतो, त्यात डिफरन्शियल नसतं. वळताना आतलं चाक थोडं कमी आणि बाहेरचं जास्त फिरायला हवं. ते इथं होत नाही, एक चाक घसरून वळण साधावं लागतं. वाळूत हे खपतं. चिकट मातीत गाडी वळायचं नाकारते आणि सरळ जाते, समोर नाला असला तरी.

आणि ओढण्याचं काय? साडभावाच्या हिशेबात बैलजोडी आहे म्हणून हा हिशेब करूनच टाकू. बैल दिवसभराच्या कामात स्वतःच्या वजनाच्या साधारण एक दशांश ओढ देतो, असं कृषी अभियांत्रिकीत धरतात. दोन बैल मिळून सातशे-आठशे किलोचे, तर सत्तर-ऐंशी किलोची ओढ सतत मिळते, आणि फाळ मुळात अडकला तर क्षणभर त्याच्या कितीतरी पट. आता ११० सीसीची गाडी घ्या. गाडी एकशेदहा किलो, माणूस सत्तर. यातला मागच्या चाकांवर येणारा भार फार तर एकशेदहा. भुसभुशीत मातीत टायरची पकड भाराच्या चाळीस टक्के धरली, तर ओढ निघते चव्वेचाळीस किलो. इंजिन सात अश्वशक्तीचं आहे, हे म्हणून उपयोग नाही. ती शक्ती जमिनीपर्यंत पोचवायला वजन लागतं, आणि वजन या गाडीत नाही. एक अश्वशक्तीची म्हणतात ती बैलजोडी सात अश्वशक्तीच्या गाडीला वखरावर हरवते. आमच्या वर्धा-नागपूर भागाचा गवळाऊ तर भोसल्यांच्या काळापासून हलक्या गाड्या घेऊन वेगानं पळण्यासाठी नावाजलेला, म्हणजे वेगाचीही बढाई फार मारायला नको.

तान्ह्या पोळ्याला नागपुरात पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पायाखाली चाकं. काही घरांतले बैल पुरुषभर उंच आणि किमतीला खऱ्या गोऱ्ह्याच्या तोडीचे. दोरी ओढली की येतो, थकत नाही, कडबा मागत नाही. त्याला डवऱ्याला जुंपावं असं मात्र अजून कोणाच्या मनात आलेलं नाही.

डवऱ्यावरून आठवलं. कपाशीच्या दोन ओळींत तीन ते चार फूट अंतर. श्रावणात झाडं फांद्या टाकतात तेव्हा त्या फटीतून डवरा जातो, बैल जातो, माणूस जातो. एटीव्हीची रुंदीच जवळजवळ तेवढी आणि पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही. संत्र्याच्या बागेत जागेचा प्रश्न नाही, पण मग एटीव्हीचं वैशिष्ट्यही उरत नाही. सहा मीटरवर झाडं असतील तर त्यातून पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आरामात फिरतो, फवारणीचा पंप चालवतो, ट्रॉली ओढतो. एटीव्हीला पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा दांडा, नसल्यानं ती स्वतःशिवाय काहीच चालवत नाही. उन्हाचंही एक आहे. हवेवर थंड होणारं हे इंजिन वाऱ्याच्या भरवशावर असतं, आणि वारा मिळतो पळाल्यावर. वावरात बैलाच्या चालीनं चालवायचं, मेमध्ये. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता. त्या हवेत सावलीतला माणूस तापतो, तिथं बिनवाऱ्याच्या इंजिनाकडून काय अपेक्षा करायची?

हे सगळं मान्य करूनही साडभाऊ म्हणेल, की मला वखर ओढायचाच नाही, मला फक्त जायचं-यायचं आहे. मग प्रश्न शेतीचा राहत नाही, रस्त्याचा होतो. आणि रस्त्याच्या प्रश्नावर या गाडीची स्वस्ताई उघडी पडते.

वावरात चालवायची, तेव्हा कागद नको. या वाक्याला कायद्याचा आधार आहे असं विक्रेते सांगतात, आणि तो थोडासा आहेही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन वगळलेलं आहे. पण त्यातले 'फक्त' आणि 'बंदिस्त' हे दोन शब्द सोडून बाकीचं कलम विक्रेत्याला पाठ असतं. शिवाय वाहन रस्त्यासाठी बनवलेलं आहे की नाही हे मालकाच्या मनावर नसतं. १९९२ साली सेंट्रल कोलफिल्ड्सच्या प्रकरणात खाणीतले डंपर सर्वोच्च न्यायालयापुढं आले होते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात असल्यानं डंपर केवढा असतो हे इथं सांगायला नको. कंपनीचं म्हणणं, हे रस्त्याचं वाहन नव्हे. न्यायालयानं बोट ठेवलं टायरवर: ही वाहनं रणगाड्यासारखी लोखंडी पट्ट्यांवर चालत नाहीत, रबरी टायरांवर चालतात, म्हणजे ती रस्त्यावर चालण्याजोगी आहेत. जिथं डंपर सुटला नाही तिथं हेडलाइट लावलेली लाल एटीव्ही सुटेल, यावर मी तरी पैसे लावणार नाही.

आणि रस्ता म्हणजे काय? याच कायद्याच्या कलम २(३४) मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या आहे: ज्या वाटेवर लोकांना जाण्याचा हक्क आहे ती, मग ती रहदारीची असो वा नसो. पांदण दुसरं काय असते? ती कुणा एकाची नसते, म्हणून तर तिच्यावरच्या अतिक्रमणाची भांडणं तहसीलदारापुढं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पांदण गावाची आहे असं तिथं शपथेवर सांगणारा शेतकरी, तिच्यावर बिनकागदाची गाडी घालताना ती आपल्या घरची आहे असं कसं म्हणणार? घरापासून वावरापर्यंतच्या दोन किलोमीटरांत एक इंचही बंदिस्त आवार नाही. कुंपणाच्या आत तो मोकळा, पण कुंपणापर्यंत ही गाडी पोचवायला टेम्पो लागेल.

दंडाचं मला फारसं भय वाटत नाही, काटोलच्या पांदणीत कोणी पावतीपुस्तक घेऊन उभा नसतो. भय आहे ते विम्याचं. नोंदणी नाही म्हणून तृतीय पक्षाचा विमा नाही. समोरून शेळ्या घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याला धक्का लागला, तो खाली पडला, खुबा मोडला, की अपघात दावा न्यायाधिकरणाचा आकडा विमा कंपनी भरणार नाही, सातबारा भरेल. त्यात गाडी चालवणारा पुतण्या पंधरा वर्षांचा असेल, आणि या गाडीवर तोच असतो, तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९अ मालकाला आणि पालकाला गुन्हेगार धरतं: पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पोरांना ही गाडी खेळणं वाटते, हे आपल्या देशाबाहेरही जुनं दुखणं आहे. अमेरिकेत १९८८ साली कंपन्यांना न्यायालयात लिहून द्यावं लागलं होतं, की नव्वद सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलासाठी विकणार नाही, आणि तीनचाकी तर विकणारच नाही.

यावर एक हुशार उत्तर मिळतं. सरकारनं क्वाड्रिसायकलला मान्यता दिली ना, मग ही चारचाकी त्यातच बसेल. नाव जुळतं एवढंच. त्या मान्यतेची कथा ऐकण्यासारखी आहे. बजाजनं आपली छोटी चारचाकी जानेवारी २०१२ मध्ये दाखवली. वर्ग मान्य झाला, मग खटले, मग फक्त भाड्याच्या वापराची मुभा, खासगी वापराची अधिसूचना नोव्हेंबर २०१८ मध्ये. क्यूट या नावानं ती महाराष्ट्रात आली एप्रिल २०१९ मध्ये, किंमत अडीच लाखांच्या आसपास. वाळूजला कारखाना, पुण्यात एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेची चाचणी, पाठीशी बजाजचं वजन, तरी सात वर्षं लागली. कंटेनरातून उतरलेल्या बिननावाच्या गाडीला ते प्रमाणपत्र कोण मिळवून देणार? बाहेरून आणलेल्या नव्या वाहनालाही केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतल्या नियम १२६ खालची चाचणी सहसा चुकत नाही. ती चुकवलेली आहे, म्हणून तर किंमत सव्वा लाख आहे.

चाचणी न चुकवलेली एटीव्ही भारतात होऊन गेली. पोलारिसनं २०२० च्या सुमारास आपली स्पोर्ट्समन ५७० चक्क ट्रॅक्टर या वर्गात मंजूर करून घेतली, नंबरप्लेटसकट. किंमत आठ लाखांच्या घरात. ती पाचपट मोठ्या इंजिनाची, चारही चाकांनी ओढणारी, तेव्हा सगळा फरक कागदाचा आहे असं मी म्हणणार नाही. पण आठ लाखांत नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यातून निघालेला ट्रॅक्टर येतो, ज्याचा फिल्टर प्रत्येक तालुक्यात मिळतो, ज्याला बँक कर्ज देते कारण आरसीवर बोजा चढवता येतो, आणि जो दहा वर्षांनी विकताही येतो. सव्वा लाखाच्या गाडीला आरसी नाही, म्हणून कर्ज नाही. आरसी नाही, म्हणून नाव बदलून विकणं नाही. घेतली त्या दिवशी तिची किंमत दोनच घरांना ठाऊक असते, विकणाऱ्याच्या आणि भंगारवाल्याच्या.

कुठंच घेऊ नये असं मात्र नाही. रिसॉर्टच्या कुंपणात, सपाट मैदानावर, वेग बांधून, हेल्मेट घालून, एक माणूस लक्ष ठेवायला उभा करून ती चालवली तर एका मोसमात भांडवल सुटत असेल. तो धंदा आहे, आणि तिथं गाडी हे यंत्र नसून पाळणा असतो. पन्नास एकर सलग, तारेचं कुंपण, आत घर, अशा मालकाचीही मला तक्रार नाही. नागपूर जिल्ह्यात असे किती, हे ज्याचं त्यानं मोजावं. आणि अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर या गाड्या फिरतात हा दाखला मला देऊ नये. किनारा हीसुद्धा सार्वजनिक जागाच.

हे सगळं मी साडभावाला या वेळी ओळीनं ऐकवलं. चहा थंड होईपर्यंत त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सप्पा बरोबर, भाऊजी. पण माह्या गुडघ्याचं काय?"

तेव्हा कळलं, की इतका वेळ मी ज्याचं खंडन केलं ते त्याचं मत होतं, त्याची गरज नव्हती. गरज साधी. गुडघे दुखतात, मोटरसायकलवर टांग टाकता येत नाही, सकाळी ड्रिपच्या नळ्या पाहायला जायचं, सोबत औषधाचा डबा आणि कधी संत्र्यांचे दोन क्रेट. त्यासाठी आपली एटीव्ही कधीचीच आलेली आहे, तिला दोन चाकं आहेत. १९८० साली टीव्हीएस ५० आली, आज तिचीच नात एक्सएल १०० म्हणून गावोगाव दिसते. मधली पट्टी सपाट, टांग टाकायची गरज नाही. मागची सीट काढली की क्रेट बसतात. नंबर आहे, विमा आहे, किंमत एटीव्हीच्या अर्धी. आषाढात तीही चिखलात फसते, पण फसली तर दोन माणसं उचलून काढतात. बाकी जड कामाला गावातल्या अवजार बँकेचा ट्रॅक्टर तासावर.

"मोपेडवर शोभते का आता या वयात?" तो म्हणाला. खरा पूर्वपक्ष हा होता, आणि त्याचं खंडन माझ्याकडं नव्हतं.

तरी जाण्याआधी त्यानं विक्रेत्याला फोन लावला, मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर. "गाडीचं आरसी मिळंन का जी?"

"दादा, वावरात कोण आरसी विचारते?"

"वावरात नाही जी. पांदणीत."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यानं विचारलं, कलर कोणता पाहिजे.